यंत्राचा ताप

१९४६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ‘एनिॲक’ हा संगणक जगापुढे आला. त्याच्या पोटात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज लागे. त्याच्या वेगाची आणि त्याने केलेल्या गणितांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला मात्र त्यातली एक किरकोळ सोय मोलाची वाटते. एवढ्या नळ्यांची धग बाहेर काढायला मोठे पंखे होतेच, शिवाय त्याच्या कपाटाकपाटांत एकेक थर्मोस्टॅट बसवलेला होता. आतली हवा ११५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४६ अंश सेल्सिअसच्या वर गेली की तो वीज तोडून टाकी. (नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारला हा आकडा अनोळखी नाही. आमच्याकडे हे यंत्र उन्हाळाभर बंदच राहिले असते.) यंत्राला ताप किती आहे हे मात्र त्या सोयीतून कुणाला कळत नसे. ताप हद्दीबाहेर गेला एवढेच कळे, आणि तेही यंत्र बंद पडल्यावर.

या विषयाकडे मी वळलो तो गरजेपोटी. विदर्भातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या मराठी नियतकालिकांचे अंक स्कॅन करून ठेवण्याचे काम गेली काही वर्षे मी पाहतो आहे. पाने अशी आहेत की बोट लावले तर कडा हातात येते. एकदा स्कॅन झालेले पान पुन्हा काचेवर ठेवायची हिंमत होत नाही. त्या प्रतिमांमधली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करण्याचे काम ‘टेसरॅक्ट’ नावाचा प्रोग्राम करतो. एका वर्षाचे बांधीव अंक त्याच्या स्वाधीन केले की देणगीदाखल मिळालेला आमचा जुना संगणक दिवसरात्र दमछाक होईपर्यंत राबतो. एप्रिल लागला की दुपारी दोनच्या सुमारास तो आपोआप बंद पडू लागला. वाचनालयातल्या मंडळींनी वीजमंडळाला नावे ठेवून पाहिली, पण दिवे चालूच असत. ताप मोजणारा एखादा प्रोग्राम घालावा असे ठरले. मी एकाऐवजी तीन घातले, तर तिघांनी एकाच यंत्राचे, एकाच क्षणाचे, तीन वेगळे आकडे दाखवले. एका रुग्णाला तीन वैद्यांनी तीन ताप सांगावेत तसा हा प्रकार. त्यांपैकी खरा कोण, हे शोधता शोधता गेल्या तीस वर्षांचा एक अनोखा इतिहास हाती लागला. पडद्यावर जो अंश दिसतो तो कुणाच्या तरी तर्कातून आलेला असतो, आणि तर्क करणारा माणूस बहुतेक वेळा यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या बाहेरचा, एकटा बसून उकल करणारा असतो, असे त्या इतिहासातून दिसले. तोच येथे मांडतो.

प्रारंभीची दोन-तीन दशके यंत्राऐवजी खोलीचाच ताप मोजण्यात गेली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हा संगणक उभा राहिला, तो १९६० मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्रांच्या काळात संगणक म्हणजे वातानुकूलित खोली, हे समीकरण आपल्याकडे इतके घट्ट झाले की पुढे पंचवीस-तीस वर्षांनी शाळा-कॉलेजांत पहिले छोटे संगणक आले तेव्हाही त्यांच्या खोलीत चपला बाहेर काढून शिरावे लागे. देवघरासारखा तो थाट होता. त्या छोट्या यंत्रांना खरे तर इतक्या कोडकौतुकाची गरज नव्हती. त्यांचे प्रोसेसर इतकी कमी वीज घेत की त्यांच्या पाठीवर साधा धातूचा तुकडाही बसवलेला नसे.

ही बेफिकिरी नव्वदीच्या दशकात संपली. १९९३ मध्ये इंटेलचा पहिला पेन्टियम आला. पाच व्होल्टवर चालणारा हा प्रोसेसर त्या मानाने भलताच तापे, आणि त्याच्यापासून प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसवणे हा नेहमीचा भाग झाला. आता पंखा आला म्हणजे तो बंद पडण्याची भीतीही आली. कपाटाच्या आत बसलेला हा चिमुकला पंखा धूळ खाऊन थांबला तर बाहेर बसलेल्याला कसे कळावे? नॅशनल सेमिकंडक्टर या अमेरिकी कंपनीने या प्रश्नावर छोट्या चिपा काढल्या. एलएम७५ ही नुसते तापमान सांगे, अर्ध्या अंशाच्या बारकाव्याने. एलएम७८ तापमान, पंख्यांचे फेरे आणि विजेचे दाब असे तिन्ही पाही. मदरबोर्ड बनवणारे या चिपा आपल्या बोर्डांवर बसवू लागले.

इथे जरा थांबून तापमान मोजतात कसे ते पाहू, कारण पुढचे सगळे घोळ इथूनच निघतात. सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक वीजप्रवाह सोडला तर त्याच्या दोन टोकांमध्ये विजेचा काही दाब दिसतो. डायोड जसा तापेल तसा हा दाब उतरतो, एका अंशाला साधारण दोन मिलिव्होल्ट या प्रमाणात. म्हणजे चिपेच्या हाती येतो तो दाब. त्यावरून अंश काढणे हे गणित झाले. त्या गणितात डायोड कोणत्या जातीचा, तो प्रोसेसरच्या पोटात आहे की खाली बोर्डावर, चिपेच्या कोणत्या पायाला जोडला आहे, हे सगळे ठाऊक असावे लागते. मदरबोर्ड बनवणाऱ्याला ते ठाऊक असते. तो ते छापून देईलच असे मात्र नाही. एखादा पाय मोकळाच सोडलेला असेल तर तिथून येणारा आकडा निव्वळ भास असतो. आमच्या एका प्रोग्रामात ‘सहायक’ अशा अर्थाच्या नावाखाली १२७ अंश दिसत होते आणि ते पाहून वाचनालयाचे चिटणीस बादलीभर पाणी आणायला निघाले होते. १२७ हा अशा चिपांच्या मोजपट्टीचा वरचा शेवट असतो. त्या पायाला काहीच जोडलेले नव्हते.

बोर्डावर चिप आली तरी तिचे म्हणणे सामान्य माणसापर्यंत पोचवायला प्रोग्राम लागतो, आणि हे काम मोठ्या कंपन्यांनी फारसे मनावर घेतले नाही. ते केले एकेकट्या माणसांनी. अलेक्झांडर व्हान काम यांचा ‘मदरबोर्ड मॉनिटर’ विंडोजवर लोकप्रिय झाला. आल्फ्रेदो मिलानी कोंपारेत्ती या इटालियन गृहस्थांनी ‘स्पीडफॅन’ केला. तो ताप पाहून पंख्याचा वेगही कमीजास्त करी. मार्टिन मालिक या स्लोव्हाक प्रोग्रामरचा ‘एचडब्ल्यूइन्फो’ डॉसच्या काळापासूनचा. हंगेरीच्या तमाश मिक्लोश यांच्या ‘आयडा३२’चे पुढे ‘एव्हरेस्ट’ आणि मग ‘आयडा६४’ झाले. लिनक्सच्या जगात १९९८ च्या सुमारास ‘एलएम-सेन्सर्स’ उभा राहिला. त्याचे नावच त्या नॅशनलच्या चिपांवरून आले. फ्रोडो लोइयार्ड आणि फिलिप एडेलब्रॉक यांनी तो वाढवला. त्यातल्या मांडणीच्या फायली पाहण्यासारख्या आहेत. अमुक बोर्डावर अमुक पायाला अमुक नाव द्या, आलेल्या आकड्याला इतक्याने गुणा, हा पाय तर मोजूच नका, अशा ओळीच्या ओळी जगभरच्या लोकांनी आपापले बोर्ड तपासून लिहून पाठवल्या. पोथ्यांची पाठभेदांसह संपादने करणाऱ्यांना हे काम ओळखीचे वाटेल.

अशा शोधाला एकदा मोठी किंमत मोजावी लागली. तापमानाची चिप आणि संगणकातल्या इतर काही छोट्या स्मृतिचिपा एकाच दोन तारांच्या मार्गावर बसलेल्या असतात. कोणत्या पत्त्यावर कोण राहते हे कळायला एलएम-सेन्सर्सला त्या मार्गावर दार ठोठावत जावे लागे. आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपांमध्ये याच मार्गावर यंत्राची ओळख जपणारी एक स्मृतिचिप होती, आणि तिला हे ठोठावणे म्हणजे लिहिण्याची आज्ञा वाटे. आतला मजकूर बिघडे, आणि पुन्हा चालू करायला जावे तो लॅपटॉप उठतच नसे. नुसता ताप पाहायला गेलेल्याचे यंत्र असे निकामी झाले. त्यानंतर बरीच वर्षे लिनक्समधल्या संबंधित ड्रायव्हरला आयबीएमचे यंत्र दिसले की तो कामच नाकारी. मोजणारा प्रोग्राम निवडताना मी आजही आधी हे पाहतो की तो मोजण्याच्या नादात काय काय हलवतो.

२००१ साल या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात थॉमस पाब्स्ट यांच्या ‘टॉम्स हार्डवेअर’ने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. चालू संगणकावर खेळ चालू ठेवून प्रोसेसरवरचा हीटसिंक एकदम उचलायचा आणि काय होते ते पाहायचे, असा तो प्रयोग. पेन्टियम ३ जागच्या जागी थांबला, पण वाचला. पेन्टियम ४ अतिशय मंद झाला आणि चालत राहिला. एएमडीच्या ॲथलॉनमधून मात्र धूर निघाला. दुसऱ्या, नव्या ॲथलॉनमध्ये तापमान सांगणारा डायोड होता, तरी तोही जळाला. डायोड सांगत असला तरी ते वेळेत ऐकून वीज तोडणे मदरबोर्डाचे काम होते, आणि तेवढा वेळच मिळाला नाही. पेन्टियम ४ मंद कशामुळे झाला? त्याने आपला ताप स्वतः ओळखून कामाचे ठोके मधूनमधून गाळायला सुरुवात केली होती. पुढच्या काही वर्षांत स्वतःला वाचवण्याची अशी सोय सगळ्याच प्रोसेसरांत आली.

माझ्या मते ताप मोजण्याचा हेतूच इथून बदलला. तोपर्यंत माणूस आकडा पाही तो यंत्र जळू नये म्हणून. आता जळण्याची भीती जवळपास गेली, आणि तिच्या जागी न दिसणारे रेंगाळणे आले. प्रोसेसर तापतो, वेग उतरवतो, काम करीत राहतो. अगदीच असह्य झाले तरच वीज तोडतो. आमचे यंत्र दुपारी दोनला बंद पडे ही त्या आजाराची शेवटची पायरी होती. मागून नोंदी पाहिल्या तेव्हा कळले की सकाळी दहापासूनच ते निम्म्या वेगाने चालत होते, आणि आम्ही म्हणत होतो की जुन्या टंकातली जोडाक्षरे ओळखायला त्याला वेळ लागतो!

आता त्या तीन आकड्यांकडे येऊ. २००६ मध्ये आलेल्या इंटेलच्या ‘कोअर’ मालिकेपासून प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यात एक अंकीय संवेदक बसवलेला असतो. म्हणजे आता वाद संपायला हवा होता. पण हा संवेदक तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढेच तो सांगतो. विहिरीच्या काठापासून पाणी किती हात खाली आहे हे कळावे आणि विहीर किती खोल आहे ते कळू नये, तशातली गत. डेस्कटॉप प्रोसेसरांची ती कमाल मर्यादा इंटेलने सुरुवातीला उघड केली नव्हती. आर्थर लिबरमन यांच्या ‘कोअर टेम्प’ने तेव्हाच्या ४५ नॅनोमीटरच्या दुगाभी प्रोसेसरांसाठी ती १०५ अंश धरली. केविन ग्लिन यांच्या ‘रिअल टेम्प’ने ९५ धरली. संवेदकाने ‘पन्नास अंश खाली’ म्हटले की पहिला प्रोग्राम पंचावन्न दाखवी, दुसरा पंचेचाळीस. अवरक्त तापमापक घेऊन प्रोसेसरच्या टाळूवर रोखून बसलेल्या हौशी लोकांनी आपापल्या बाजूने पुरावे दिले. अखेर २००८ मध्ये इंटेलने आकडे जाहीर केले आणि या प्रोसेसरांसाठी १०० सांगितले. दोन्ही पक्ष पाचपाच अंशांनी चुकलेले निघाले! सोबत इंटेलने एक पुस्तीही जोडली : हा आकडा लक्ष्य म्हणून धरलेला आहे, प्रत्येक नगात तो नेमका तेवढाच असेल असे नाही. शिवाय हा संवेदक मर्यादेजवळ विश्वासू असतो, यंत्र निवांत असताना तितकासा नसतो. तो बनवलाच आहे धोक्याची घंटा वाजवायला.

एएमडीच्या घरी याहून मजेदार गोष्ट घडली. २०१७ च्या मार्चमध्ये रायझेन प्रोसेसर आले. त्यांपैकी १७००एक्स आणि १८००एक्स हे विकत घेतलेल्या लोकांना ते भलतेच तापलेले दिसू लागले. मग एएमडीने खुलासा केला की या दोन प्रकारांत पंख्याला दिला जाणारा आकडा खऱ्या तापापेक्षा मुद्दाम २० अंशांनी वाढवलेला आहे. हेतू असा की निरनिराळ्या प्रोसेसरांवर पंख्यांची चाल एकसारखी राहावी. म्हणजे प्रोसेसर पंख्याशी एक बोलत होता, आणि ते संभाषण ऐकणारे प्रोग्राम तेच सत्य म्हणून आपल्याला सांगत होते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी पुढच्या आवृत्त्यांत वीस वजा केले. ज्याच्याकडे जुनी आवृत्ती राहिली तो आजही घाबरत असेल. आणि २०२२ मध्ये आलेल्या रायझेन ७००० मालिकेबाबत एएमडीने सांगूनच टाकले की पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालणे हीच त्यांची ठरवलेली रीत आहे. पंचाण्णव पाहून पूर्वी छातीत धस्स होई, आता तो आकडा आरोग्याचा ठरला.

या सगळ्या वादात कामी आली ती भिंतीवरची पाऱ्याची नळी. वाऱ्याने थंड होणारा प्रोसेसर त्याच्यापर्यंत येणाऱ्या हवेपेक्षा गार असूच शकत नाही. आमच्या खोलीत कूलर बंद असताना पारा ४१ वर होता आणि तिघांपैकी एक प्रोग्राम प्रोसेसर ३८ वर आहे म्हणत होता. तो त्याच दिवशी काढून टाकला. थंड देशांत बसून लिहिलेल्या प्रोग्रामांची ही परीक्षा तिथल्या हिवाळ्यात व्हायची नाही. ती अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यातच होते.

तापाच्या जोडीला वापराचा आकडा पाहावा लागतो, आणि त्याचा इतिहास आणखी जुना आहे. एका यंत्रावर अनेकजण काम करीत असत त्या काळात आपली पाळी कधी येणार हे कळावे म्हणून ‘सरासरी भार’ हा आकडा आला. १९७३ च्या इंटरनेटपूर्व जाळ्याच्या कागदपत्रांत तो सापडतो. १९८४ मध्ये विल्यम लफीव्हर यांनी युनिक्ससाठी ‘टॉप’ लिहिला. डिजिटल कंपनीच्या व्हीएमएस प्रणालीतली तशी सोय त्यांच्या डोळ्यांसमोर होती. विंडोजवरचा टास्क मॅनेजर डेव्ह प्लमर यांचा. तो १९९६ च्या एनटी ४.० बरोबर आला. ब्राझीलच्या हिशाम मुहम्मद यांचा रंगीत ‘एचटॉप’ २००४ चा. ही यादी इथेच थांबवतो. टक्के कोणीही दाखवले तरी त्यांचा अर्थ एकच : प्रोसेसर मोकळा बसला नव्हता असा वेळ. त्या वेळात तो काम करीत होता की स्मृतीतून माहिती येण्याची वाट पाहत खोळंबला होता, हे त्या टक्क्यांना ठाऊक नसते. ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ मध्ये हाच मुद्दा सडेतोडपणे मांडला. आमच्या वाचनालयात दहा वाजल्यापासून यंत्र निम्म्या वेगाने चाले तेव्हाही वापर १०० टक्केच दिसत होता. कचेरीत खुर्चीवर कोट टाकलेला दिसतो म्हणजे साहेब कामात आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून एकाच पानावर ताप, वेग आणि वापर तिन्ही दाखवील आणि त्यांची नोंद फाइलीत ठेवील असाच प्रोग्राम घ्यावा, या मताला मी आलो. तापाचा आलेख वर जाऊन सपाट होतो आणि त्याच क्षणी वेगाचा आलेख खाली येतो, तिथे रोग सापडतो. आमच्याकडे उपाय अगदी घरगुती निघाला. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये जुन्या कागदाची भुकटी नमद्यासारखी बसली होती. ती ब्रशने काढली, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला वाळून खडखडीत झालेला लेप पुसून नवा लावला. वेग उतरायचा थांबला आणि दुपारचे बंद पडणेही गेले.

निवडीचा एक भाग मात्र असा आहे की तो घरगुती युक्तीने सुटत नाही. प्रोसेसरच्या पोटातले संवेदक वाचायचे तर प्रोग्रामला संगणकाच्या अगदी गाभाऱ्यात, जिथे एरवी फक्त कार्यप्रणालीला प्रवेश असतो तिथे, जावे लागते. विंडोजवर त्यासाठी स्वाक्षरी केलेला ड्रायव्हर लागतो, आणि तो मिळवणे एकट्यादुकट्या माणसाला खर्चाचे आणि कटकटीचे. त्यामुळे अनेकांनी नोरियुकी मियाझाकी या जपानी प्रोग्रामरचा ‘विनरिंग०’ हा तयार, खुला ड्रायव्हर वापरला. एक किल्ली, आणि तिच्यावर उघडणारी डझनावारी घरे. २०२० मध्ये त्यातली त्रुटी अधिकृतपणे नोंदली गेली : या ड्रायव्हरमधून ताप पाहणाराच काय, कुणीही गाभाऱ्यात शिरू शकत होता. तरीही तो पाच वर्षे चालत राहिला. २०२५ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर त्याला धोकादायक ठरवून अडवू लागला, आणि एका रात्रीत पंखे आवरणारे, ताप दाखवणारे कितीतरी प्रोग्राम मुके झाले. ‘लिब्रे हार्डवेअर मॉनिटर’सारख्या खुल्या प्रकल्पांना दुसरा ड्रायव्हर शोधावा लागला. मायक्रोसॉफ्टचे चुकले असे मला म्हणता येत नाही. पण प्रोसेसरचा ताप दाखवायची सोय त्या कंपनीने आपल्या टास्क मॅनेजरमध्ये स्वतः केली असती तर लोकांना या किल्लीची गरजच पडली नसती. २०२० च्या आवृत्तीत तिथे ग्राफिक्स कार्डाचा ताप आला, प्रोसेसरचा तेव्हाही नाही. लिनक्सचे बरे आहे. तिथे संवेदक वाचणारे ड्रायव्हर कार्यप्रणालीचेच भाग आहेत आणि आकडा मागायला कुणा तिऱ्हाइताला घरात घ्यावे लागत नाही. वाचनालयाचे यंत्र म्हणून मी लिनक्सवर नेले. माझ्या घरच्या विंडोज यंत्रावर ‘एचडब्ल्यूइन्फो’ आहे. स्वतःचा ड्रायव्हर बाळगणारा आणि नवे प्रोसेसर आले की लगेच दुरुस्त होणारा प्रोग्राम म्हणून तो घेतला.

इतके सगळे प्रोसेसरबद्दल झाले, पण वाचनालयाच्या दृष्टीने प्रोसेसर हा बदलता येण्यासारखा भाग आहे. तो गेला तर दुसरा आणता येतो. स्कॅन केलेली पाने ज्या डिस्कवर आहेत ती गेली तर? डिस्कांमध्ये स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवणारी ‘स्मार्ट’ नावाची सोय नव्वदीच्या दशकापासून आहे. ती वाचणारा ‘स्मार्टमॉनटूल्स’ हा प्रोग्राम २००२ मध्ये ब्रूस ॲलन यांनी सुरू केला. हे गृहस्थ गुरुत्वीय लहरींचा शोध घेणारे भौतिकशास्त्रज्ञ. त्या विषयात संगणकांचे मोठे ताफे जोडून गणिते करावी लागतात, आणि इतक्या डिस्कांमधली कोणती आज उद्या दगावेल हे कळणे त्यांना गरजेचे होते. ज्या लायगो प्रकल्पासाठी त्यांनी काम केले त्याचीच भारतीय वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०२३ मध्ये मंजुरी दिली.

डिस्कबाबत तापाचा आकडा किती उपयोगाचा, यावर गूगलच्या तीन संशोधकांचा २००७ चा निबंध वाचण्यासारखा आहे. एक लाखाहून अधिक डिस्कांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. डिस्क तापली की मरते हा सर्वांचा समज त्यांना तितकासा खरा आढळला नाही. फार जुन्या आणि फार तापलेल्या डिस्का सोडल्या तर उलट गार राहिलेल्या डिस्काच जास्त गेल्या होत्या. खरी खूण वेगळीच होती. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत दगावण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट आढळली. खराब झालेला भाग बाजूला टाकून राखीव भाग वापरायची पहिली वेळ आलेल्या डिस्कची १४ पट. आणि याच निबंधात धडकी भरवणारी गोष्ट अशी की बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक, ५६ टक्के डिस्कांनी या ठळक खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे खूण दिसली तर धावपळ करावी, आणि दिसली नाही तरी दुसरी प्रत ठेवावीच.

आता वाचनालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिपाईकाका संगणकावर एक आज्ञा देतात. पडद्यावर जी लांब यादी येते तिच्यातला पाचव्या क्रमांकाचा आकडा, म्हणजे बाजूला टाकलेल्या भागांची संख्या, ते वाचतात. शेजारच्या १९४ व्या ओळीतले तापमान लिहायचे की नाही असे त्यांनी विचारले, मी नको म्हणालो. तरी ते लिहितातच. हजेरीपुस्तकामागच्या कोऱ्या पानांवर, आलेल्या वर्तमानपत्रांच्या नोंदीखाली, तारखेसमोर दोन आकडे शाईने लिहिलेले असतात. पाचव्या ओळीचा आकडा अकरा महिने शून्य होता. श्रावणातल्या सोमवारी तो आठ झाला. त्याच संध्याकाळी आम्ही नवी डिस्क मागवली आणि पाने उतरवून घ्यायला सुरुवात केली. जुन्या अंकांचे शेवटचे चार खंड नव्या डिस्कवर जायला पोळा उजाडला.